पदच्युत राजाचे शब्द मुलांपुढे ठेवावेत का?

महालवाली मावशी
२१ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एक खरीखुरी अडचण घेऊन आले आहे.

माझी भाची आठवीत आहे. ऑगस्टअखेर तिची वक्तृत्व स्पर्धा आहे. विषय आलाय 'सत्ता, कर्तव्य आणि राष्ट्र : एका पदच्युत राज्यकर्त्याचे विचार'. राज्यकर्ता कोणता ते मुलांनी ठरवायचं, वेळ सात मिनिटं. घरात इतिहास शिकवलेली मीच, तेव्हा काम माझ्याकडे आलं आणि मी लगेच नेपोलियन धरला. १८१५ मध्ये वॉटर्लूला हरल्यावर इंग्रजांनी त्याला सेंट हेलेना बेटावर नेऊन ठेवलं. १८२१ मध्ये तिथेच मरेपर्यंत तो बोलत राहिला आणि सोबतची माणसं लिहून घेत राहिली. माझी खरी कीर्ती लढायांत नाही, मी केलेल्या कायद्याच्या संहितेत आहे, असं तो सांगायचा. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जर्मन अशा विखुरलेल्या लोकांना एकेक राष्ट्र म्हणून उभं करायचं माझ्या मनात होतं, असंही. क्रांतीने दिलेली समता मीच टिकवली, हे तर वारंवार. वक्तृत्वाला आणखी काय पाहिजे?

काल रात्री धो धो पाऊस, लाइट गेलेली. मेणबत्तीच्या उजेडात मी तिला हे वाचून दाखवत होते. ती वहीच्या समासात त्रिकोण काढत ऐकत होती. मध्येच पेन्सिल थांबली आणि म्हणाली, "मावशी, हे सगळं त्याला राजा असताना का नाही सुचलं?"

मेणबत्ती संपली तरी मला उत्तर देता आलं नाही. म्हणून तुम्हाला विचारते. गादी गेल्यावर माणूस सत्तेबद्दल, कर्तव्याबद्दल जे बोलतो ते किती मानायचं? तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी ते घालावं का?


संत्रागल्ली
२१ जुलै, रात्री १०:०५

भाचीला माझ्याकडून संत्रा बर्फी. प्रश्न एक नंबर आहे.


कागदपत्रे
२१ जुलै, रात्री ११:२२

मावशी, प्रश्न चांगलाच आहे, पण त्यात नेपोलियनवर थोडा अन्याय होतो. संहिता त्याने सत्तेवर असतानाच केली, मार्च १८०४ मध्ये, सम्राट होण्याच्या थोडं आधी. मसुद्याच्या कित्येक बैठकांना तो स्वतः बसत असे. म्हणजे 'आधी सुचलं नाही' असं सरसकट म्हणता येत नाही.

राष्ट्रांच्या बाबतीत मात्र भाचीचं बरोबर आहे. मनात प्रत्येक लोकसमूहाचं स्वतंत्र राष्ट्र होतं म्हणे. हातात सत्ता असताना काय केलं? स्पेनच्या गादीवर थोरला भाऊ जोसेफ, हॉलंडला लुई, वेस्टफालियाला जेरोम, नेपल्सला बहिणीचा नवरा म्युरा. स्पॅनिश लोक २ मे १८०८ ला माद्रिदच्या रस्त्यावर उतरले ते राजघराण्यातल्या उरलेल्या माणसांना फ्रेंच घेऊन चालले म्हणून, आणि त्यांना गोळ्या घातल्या त्याच्याच सैन्याने. ज्याने घरच्या माणसांत देश वाटले त्याच्या तोंडून लोकांच्या राष्ट्राची गोष्ट ऐकताना हा सगळा हिशेब शेजारी मांडून ठेवावा लागतो.

आणखी एक. हे शब्द सहज निघालेले नाहीत. लास काझ नावाचा गृहस्थ रोज टिपणं घ्यायचा. त्याला १८१६ च्या शेवटी बेटावरून हाकललं आणि त्याचा ग्रंथ १८२३ मध्ये, नेपोलियन गेल्यानंतर, बाहेर आला. साऱ्या युरोपाने तो वाचला. बोलणाऱ्याला माहीत होतं की समोरचा लिहितोय आणि हे छापलं जाणार आहे. हरलेला सेनापती तिथे शेवटची लढाई लढत होता, शाईची. ती तो जिंकला असं माझं मत. १८४० मध्ये फ्रान्सने त्याचे अवशेष वाजतगाजत पॅरिसला आणले, त्यामागे तोफांपेक्षा या टिपणांचं बळ जास्त होतं.


बर्डीवाला भाऊ
२२ जुलै, सकाळी ७:५०

मावशी, राग नका मानू. पन आपल्या घरचा राजा सोडून त्या बेटावर कायले जाता? तुम्ही महालात राहून राहिल्या. दारातून बाहेर पडलं का भोसल्यायचा वाडा. अप्पासाहेब भोसले आठवले नाहीत काय?

१८१७ च्या नोव्हेंबरात, २६ ची संध्याकाळ ते २७ ची दुपार, सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांसंगं लढाई झाली. आपल्याकडे सैन्य किती तरी पटीनं जास्त, त्यायच्याकडे हजार-दीड हजार. लहान टेकडी सकाळी आपल्याकडच्या अरब शिपायायनं घेतली बी होती. मंग दारूगोळ्याचा स्फोट झाला, त्यायचं घोडदळ आलं, अन् सगळं फिसकटलं. तिथून राजा उतरनीले लागला. पकडला, अलाहाबादले नेत होते, त वाटेत जबलपूरच्या अलीकडे शिपायाचा वेष चढवून रातोरात निसटला! महादेवाच्या डोंगरात गोंडायनं लपवला. तिथून असीरगड, मंग पंजाब, शेवटी जोधपूर. निसटल्यावर पेन्शन घेतली नाही, पुन्हा शरन गेला नाही. पोट्टीले हे सांगा बाप्पा. टाळ्या पडतीन.


इतवारी एक्स्प्रेस
२२ जुलै, सकाळी ८:३१

+१. पदच्युत राजा शोधायला नागपूरकराला जहाजात बसायची गरज नाही.


वकीलबाई धरमपेठ
२२ जुलै, दुपारी १:१५

भाऊ, अप्पासाहेबांबद्दल मलाही आपुलकी आहे, पण अर्धी गोष्ट सांगून चालणार नाही. मे १८१६ मध्ये इंग्रजांची तैनाती फौज नागपुरात घ्यायचा तह कोणी केला? त्यांनीच. त्या वेळी गादीवर चुलतभाऊ परसोजी होता, दुबळा आणि आजारी. कारभार हाती राहावा म्हणून इंग्रजांचा टेकू घेतला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी अंथरुणात मेलेला सापडला. संशय अप्पासाहेबांवरच होता आणि गादीवर तेच बसले. मग नोव्हेंबरात पेशव्याकडून सेनासाहेबसुभा ही पदवी आणि वस्त्रं आली, ती दरबारात मिरवून घेतली आणि दोन दिवसांत लढाई. आदल्या वर्षी जी फौज आपणच बोलावली तीच उरावर बसली होती.

मी त्यांना खलनायक म्हणत नाही. पण 'कर्तव्य' हा शब्द सात मिनिटांत आठ वेळा येणार असेल तर परसोजीचं अंथरूणही त्यात यायला हवं.


बर्डीवाला भाऊ
२२ जुलै, दुपारी २:०२

वकीलबाई, खुनाचं कोन लिहून ठेवलं? इंग्रजायनं. ज्याले गादीवरून काढायचं त्याच्यावर आधी डाग लावाचा, ही त्यायची रीतच होती.


वकीलबाई धरमपेठ
२२ जुलै, दुपारी २:२०

हा मुद्दा मान्य. संशय म्हटलं, सिद्ध म्हटलं नाही. पण तह त्यांच्याच सहीचा आहे, तो इंग्रजांनी बनवलेला डाग नाही.


महालवाली मावशी
२२ जुलै, रात्री ९:१०

तुमचं वाचून दिवसभर एकच गोष्ट डोक्यात आहे. अप्पासाहेब घेऊ म्हणून मी भाचीसमोर कागद घेऊन बसले. जन्म, तह, लढाई, पलायन, जोधपूर. मग तिने विचारलं, "त्यांचे विचार कुठायत?" विषय विचारांचा आहे ना. माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. घरातली पुस्तकं उघडली. रेसिडेंट, म्हणजे नागपूर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेन्किन्स काय म्हणाला ते पानोपानी आहे, नागपूर मुलखावरचा त्याचा मोठा अहवाल १८२७ मध्ये छापलाही गेला. अप्पासाहेब तिथेही आहेत, पण दुसऱ्याच्या वाक्यात, 'त्याने असे केले', 'त्याने असा कट रचला'. १८१८ ते १८४० म्हणजे बावीस वर्षं हा माणूस गादीविना जगला. पचमढीच्या डोंगरात, पंजाबात, जोधपूरच्या महामंदिरात. त्याला सत्तेबद्दल काहीच वाटलं नसेल? वाटलं असणारच. पण बेटावरच्या कैद्याजवळ लास काझ होता आणि आमच्या राजाजवळ कोणी नव्हतं.

आणि साल पाहा. अप्पासाहेब वारले १८४० मध्ये, जोधपूरला. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसला नेपोलियनची ती मिरवणूक. मला गलबलून आलं.


कागदपत्रे
२२ जुलै, रात्री १०:४८

मावशी, तुमच्या प्रतिसादाने मला एक आठवलं. नागपूर आणि सेंट हेलेना वाटतात तितके दूर नाहीत.

वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन म्हणजे आपल्या ओळखीचा आर्थर वेलस्ली. १८०३ मध्ये २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांशी आणि २९ नोव्हेंबरला अकोल्याकडे अडगावला भोसल्यांशी लढलेला. डिसेंबरच्या मध्यावर गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांत, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघुजींनी कटक दिलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. वऱ्हाड आणि नागपूर यांच्यामध्ये वर्धा ही सरहद्द झाली ती तेव्हा.

आता पुढचं ऐका. हा वेलस्ली १८०५ मध्ये हिंदुस्थानातून मायदेशी निघाला तेव्हा जहाज सेंट हेलेनाला थांबलं. तिथे तो 'द ब्रायर्स' नावाच्या घरी उतरला. दहा वर्षांनी, ऑक्टोबर १८१५ मध्ये, नेपोलियन बेटावर आला. त्याचं लाँगवुडचं घर तयार नव्हतं म्हणून सुमारे दोन महिने त्याला ठेवलं ते त्याच ब्रायर्सच्या आवारात. पुढे वेलिंग्टनने पॅरिसहून एका पत्रात मजेने कळवलं की मी इथे बोनापार्टच्या वाड्यात मजेत आहे, त्याला माझी तिथली जागा आवडली असेल अशी आशा आहे.

भोसल्यांचा मुलूख घेऊन निघालेला माणूस ज्या घरी झोपला त्याच आवारात फ्रान्सचा सम्राट कैदी म्हणून आला.


संत्रागल्ली
२२ जुलै, रात्री १०:५५

अंगावर काटा आला. हे शाळेत का नाही सांगत?


इतवारी एक्स्प्रेस
२२ जुलै, रात्री ११:१०

शाळेत अडगाव एका ओळीत संपतं. मी अकोटकडचा, आमच्या आजीच्या तोंडी 'अडगावची लढाई' हा शब्द होता, कोण कोणाशी लढलं ते मात्र मला नोकरीला लागल्यावर कळलं.


पोळा स्पेशल
२३ जुलै, सकाळी ९:३३

विषय भोसल्यांचा निघालाच आहे तर बांकाबाई का कोणाला आठवली नाही? दुसऱ्या रघुजींची राणी. अप्पासाहेबांनंतर लहानग्या तिसऱ्या रघुजीला गादीवर बसवलं तेव्हा पालकत्व तिच्याकडे आलं, कारभार जेन्किन्सकडे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी मारबत (मिरवून जाळायचा मोठा पुतळा) निघते ती बांकाबाईवरच्या रागातून, असं आमच्या जुन्या नागपुरात सांगतात. १८८१ पासून काळी, १८८५ पासून पिवळी. लहानपणी खांद्यावर बसून मी ओरडायचो, 'इडा, पिडा घेऊन जाय गे मारबत'. घसा बसायचा. कोणाला शिव्या देतोय ते माहीत नव्हतं.


महालवाली मावशी
२३ जुलै, सकाळी १०:१२

बांकाबाईबद्दल मला जरा बोलू द्या.

तिने काय काय पाहिलं ते लक्षात घ्या. नवरा १८१६ मध्ये गेला. परसोजी तसा मेला. घरातला कर्ता पुरुष परागंदा. ज्याला वाढवलं तो तिसरा रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारला आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल कवडीमोलाने विकले, जडजवाहीर लिलावाला कलकत्त्याला गेलं. सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन, अशी धमकी राजघराण्यातल्या एका राणीने दिल्याची नोंद आहे. १८५७ ला तीच म्हातारी बांकाबाई घराण्याच्या लोकांना उठावापासून दूर राहा म्हणून बजावत होती. पुढच्या वर्षी ती वारली.

लोकांनी तिला फितूर म्हटलं. मी म्हणते, सीताबर्डीनंतर शहराचं काय झालं ते जिने पाहिलं तिने पुन्हा तसं होऊ नये म्हणून हात जोडले असतील. तिला राष्ट्र म्हणजे काय ते कोणी शिकवलं नव्हतं. तिच्यापुढे घर होतं, वाडा होता, पोटची आणि दत्तक माणसं होती. तिचं कर्तव्य तेवढंच होतं आणि ते तिने केलं.


बर्डीवाला भाऊ
२३ जुलै, सकाळी १०:४०

हे नाही पटलं मावशी. १८५७ ले नागपूर उठलं असतं त इतिहास बदलला असता. घर वाचवलं म्हनता, मंग त्या वेळी ज्या शिपायायले फाशी झाली त्यायले घर नव्हतं काय?


महालवाली मावशी
२३ जुलै, सकाळी १०:५८

होतं भाऊ. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी तो खोडणारही नाही.


निवृत्त कारकून
२३ जुलै, रात्री ८:२०

मी इतिहासाचा माणूस नाही, पण मूळ प्रश्नावर लिहावंसं वाटलं.

मी एका सरकारी कार्यालयात ३४ वर्षं काढली. आमचे एक साहेब होते. केबिनबाहेर बाकावर माणसं सकाळपासून बसलेली असत. एक म्हातारे गृहस्थ जमिनीच्या फेरफारासाठी वर्षभर येत. पिशवीत स्टीलचा डबा, तो बाकाखाली ठेवत. साहेबांनी त्यांना एकदाही आत बोलावलं नाही. फाइल माझ्या टेबलावर होती, सही साहेबांची हवी होती. ते गृहस्थ पुढे वारले. काम त्यांच्या सुनेने करून नेलं.

साहेब निवृत्त झाले. आता सकाळी बागेत फिरायला येतात आणि आम्हा चार-सहा जणांना प्रशासन कसं असावं ते सांगतात. 'शेवटचा माणूस केंद्रस्थानी हवा', 'खुर्ची ही विश्वस्ताची असते'. बोलतात फार छान आणि मनापासून. डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. ते खोटं बोलत नाहीत हे मला कळतं. पण मला तो बाकाखालचा डबा दिसत राहतो.

पूर्वी मला याचा संताप यायचा. आता वाटतं, त्यांना ते खरंच आता दिसलं असेल. खुर्ची उंच असते, तिच्यावरून बाकाखालचं दिसत नाही. म्हणून शब्द टाकून देऊ नका. फक्त भाचीला सांगा, शब्दांबरोबर डब्याचीही गोष्ट सांग.


संत्रागल्ली
२३ जुलै, रात्री ८:४१

काका, या धाग्यातला सर्वांत मोलाचा प्रतिसाद.


वकीलबाई धरमपेठ
२३ जुलै, रात्री ९:३०

काकांचं वाचून मीही नेपोलियनकडे परत जाते. बेटावर त्याने काही चुका कबूल केल्या हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. स्पेनच्या युद्धाने मला बुडवलं, हे तो म्हणाला. सेंट डोमिंगवर, म्हणजे आजच्या हैतीवर, फौज पाठवणं ही मोठी चूक, तिथला कारभार तुसाँ लुव्हर्त्युर या तिथल्याच काळ्या पुढाऱ्याच्या हातून चालवायला हवा होता, हेही म्हणाला.

आता बाकाखालचा डबा. १८०२ मध्ये त्याच्याच राजवटीने वसाहतींत गुलामगिरी कायम ठेवणारा कायदा केला, आधी क्रांतीने ती रद्द केलेली असताना. तुसाँला फसवून पकडला आणि फ्रान्सच्या डोंगरातल्या थंड किल्ल्यात टाकला. एप्रिल १८०३ मध्ये तो तिथे गेला. हैतीच्या लोकांनी १ जानेवारी १८०४ ला आपलं राष्ट्र स्वतः जाहीर केलं. आणि ज्या संहितेवर त्याची कीर्ती उभी, तीत बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं असं कलमच होतं. वकील म्हणून त्या संहितेबद्दल मला आदर आहे. जन्माने कोणी मोठा नाही, कायदा एकच आणि सगळ्यांना वाचता येईल अशा भाषेत, ही फार मोठी गोष्ट. पण तुमची भाची ती वाचायला गेली असती तर २१३व्या कलमाशी अडखळली असती.

चूक कबूल करताना तो काय म्हणतो ते बारकाईने बघा. धोरण चुकलं, असं म्हणतो. माणसांना साखळ्या घातल्या हे चुकलं, असं म्हणत नाही.


साताऱ्याची सून नागपूरकर
२४ जुलै, दुपारी १२:०५

सगळा धागा वाचला, आता राहवत नाही. माझं माहेर सातारा. तुम्ही सगळे गादी गेल्यावरचे शब्द तोलताय. आमच्या प्रतापसिंह महाराजांनी गादी जाण्याच्या आधी एक शब्द उच्चारला आणि त्यापायी गादी गेली. तो शब्द 'नाही'.

१८३९ ची गोष्ट. मुंबईचा गव्हर्नर कार्नॅक साताऱ्याला आला. महाराजांवर आरोप होते, कंपनीच्या शिपायांना फितवलं, गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधलं वगैरे. गव्हर्नरचं म्हणणं असं की कागदावर चूक कबूल करा, सही करा, गादी राहील. किती सोपं! नुसती सही. महाराजांनी केली नाही. जे केलं नाही ते केलं म्हणून मी लिहून देणार नाही. सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून काशीला नेलं, १८४७ मध्ये तिथेच गेले. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडायला लंडनला जाऊन सुमारे चौदा वर्षं राहिले.

आणि नागपूरकरांनो, हे ऐका. महाराजांवरच्या आरोपांत तिसरा आरोप कोणता होता? नागपूरचे माजी राजे अप्पासाहेब भोसले यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार!


बर्डीवाला भाऊ
२४ जुलै, दुपारी १२:१९

काय सांगता वहिनी! आमचे अप्पासाहेब?


साताऱ्याची सून नागपूरकर
२४ जुलै, दुपारी १२:३१

तेच. त्या वेळी जोधपुरात, मानसिंह महाराजांच्या आश्रयाला. इंग्रजांनी मागितले तरी मानसिंहांनी स्वाधीन केले नाहीत. गादी जाऊन वीस वर्षं झालेली, जवळ फौज नाही, पैसा नाही, आणि तरी साताऱ्याच्या छत्रपतीला खाली खेचायला त्यांचं नाव पुरेसं होतं. मावशी, तुम्ही म्हणालात त्यांचे शब्द उरले नाहीत. त्यांच्या नावाची धास्ती मात्र उरली होती.


कागदपत्रे
२४ जुलै, दुपारी ३:४०

फार छान जोड. याच्याशेजारी दुसरा बाजीराव ठेवून पाहा. जून १८१८ मध्ये माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला राहिला आणि १८५१ पर्यंत जगला. लिहायला कारकून होते, वेळ होता, पैसा होता. त्याच्या नावे सत्तेवरचं एक वाक्य आज कोणाच्या ओठी नाही.

उलट बहादूरशहा जफर. रंगूनला १८६२ मध्ये कैदेत वारला. त्याच्या नावावर चालणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध गझलेबद्दल ती त्याचीच का, असा वाद अभ्यासक घालतात. पण लोकांनी ती त्याला देऊन टाकली आहे. जिथे राजाचे शब्द उरले नाहीत तिथे लोकांनी आपले शब्द त्याच्या तोंडी घातले.


पोळा स्पेशल
२४ जुलै, सायंकाळी ६:१५

आणि जिच्या तोंडी काही घालायचं नव्हतं तिची मारबत केली. (मावशींचा प्रतिसाद वाचल्यापासून बांकाबाई मनातून जात नाही. यंदा मिरवणुकीला जाणार, पण त्या आरोळीच्या वेळी काय करेन ठाऊक नाही.)


इतवारी एक्स्प्रेस
२६ जुलै, रात्री १०:०२

थोडं अवांतर. रघुजी भोसल्यांची तलवार सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणली तेव्हा मी फोटो मोठा करून करून पाहिला. पात्यावर मुठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नाव. थोरल्या रघुजींचं. त्या घराण्याच्या हत्यारावर अक्षरं कोरलेली आहेत, पण शेवटच्या लढवय्याचं एक पत्र आपल्या पाठपुस्तकात नाही.


महालवाली मावशी
१५ ऑगस्ट, रात्री ९:२५

बरेच दिवस गप्प होते, वाचत होते. आज सकाळी भाचीला घेऊन सीताबर्डीचा किल्ला पाहून आले. एरवी तो लष्कराकडे, वर्षातून मोजके दिवस उघडतो. रांग मोठी होती. खाली रेल्वे स्टेशन, वर झाडी, पावसाने दगड निसरडे. मी चढताना दोनदा थांबले.

वर गेल्यावर ती मोठ्या टेकडीच्या कडेला उभी राहिली आणि लहान टेकडी कुठली ते विचारलं. मी दाखवली. म्हणाली, "एवढी जवळ? इथून हाक मारली तर तिथे ऐकू जाईल." मग बराच वेळ काही बोलली नाही. खाली तर्री पोहे खातानाही गप्प.

घरी आल्यावर वही काढून तिने स्वतः मांडणी केली. मी फक्त सालं तपासली. सुरुवात तिने ब्रायर्सच्या बंगल्यापासून केली आहे. तिथे बाल्कम कुटुंबाची बेट्सी नावाची मुलगी होती, वय हिच्याएवढंच. नेपोलियन पहिल्याच भेटीत तिला राजधान्या विचारू लागला. रशियाची? ती म्हणाली, आता पीटर्सबर्ग, पूर्वी मॉस्को. त्याने डोळे रोखून विचारलं, मॉस्को कोणी जाळलं? आणि स्वतःच म्हणाला, मी जाळलं. बेट्सी म्हणाली, मला वाटतं फ्रेंचांना घालवायला रशियनांनीच जाळलं. तो खो खो हसला. भाचीला हा प्रसंग फार आवडलाय. १८१२ मध्ये सहा लाखांच्या आसपास माणसं रशियात नेली, लाखभरही धड परतली नाहीत, आणि डिसेंबरात हा सैन्याला मागे सोडून पॅरिसला निघून गेला, हे तिने त्या हसण्याच्या लगेच पुढे ठेवलं आहे. मी सांगितलं नव्हतं.

मग काकांचा डबा. (काका, तुमची परवानगी गृहीत धरली आहे, कार्यालयाचा उल्लेख नाही.) मग प्रतापसिंह महाराजांचं 'नाही'. आणि शेवटी अप्पासाहेब. तिथे तिने लिहिलंय, 'यांचे शब्द आपल्याकडे नाहीत', आणि त्यापुढे कंसात, 'अर्धा मिनिट गप्प उभं राहायचं'.

मी म्हटलं, अगं, परीक्षकांना वाटेल तू विसरलीस, गुण कापतील. ती म्हणाली, कापू देत.

तुम्हाला काय वाटतं? राहू द्यावं?


वकीलबाई धरमपेठ
१५ ऑगस्ट, रात्री ९:३८

राहू द्या. मात्र परसोजीला एक वाक्य द्यायला सांगा. माझा आग्रह आहे.


साताऱ्याची सून नागपूरकर
१५ ऑगस्ट, रात्री ९:४४

राहू द्या. स्पर्धेला मी येणार आहे.


निवृत्त कारकून
१५ ऑगस्ट, रात्री १०:०१

परवानगी आहे. त्या डब्यात काय असायचं तेही सांगतो. भाकरी आणि जवसाची चटणी. मला एकदा दिली होती त्यांनी.


बर्डीवाला भाऊ
१५ ऑगस्ट, रात्री १०:१७

मावशी, माह्या मते राहू द्या. पन अर्धा मिनिट सभागृहात लय मोठा वाटते, मी भाषनं केली आहेत. तिले म्हना, त्या वेळी नजर खाली नको घालू, समोर पाह्य. लहान टेकडीकडे पाहत होती तशी.


महालवाली मावशी
१५ ऑगस्ट, रात्री १०:२६

सांगितलं. आता आरशासमोर उभी आहे, हातात माझं घड्याळ. पहिल्या वेळी बावीस सेकंदांवर हसू आलं तिला. पुन्हा करते आहे.